पान एकसष्ट पाहावे

छापखान्यात तिला सगळे वेलांटीबाई म्हणत. तोंडावर नुसतं 'बाई', पाठ वळली की वेलांटीबाई. तिला ते ठाऊक होतं आणि त्याचा तिला राग नव्हता. चौतीस वर्षं लोकांच्या ऱ्हस्व-दीर्घाची धुणी धुतल्यावर एवढं नाव पडायचंच. राग तिला दुसऱ्याच गोष्टीचा होता, आणि तो तिने एक्केचाळीस वर्षं जपून ठेवला होता.

तिची जागा जिन्याखाली होती. उतरतं टेबल, पोलादी फूटपट्टी, दोन लाल पेनं, एक भिंग आणि पाठ निखळलेला शब्दकोश. प्रूफ वाचायची तिची एक रीत होती. पहिल्यांदा सरळ वाचायचं, मजकूर समजून घ्यायला. दुसऱ्यांदा फूटपट्टी लावून पानाच्या तळापासून वर, एकेक ओळ उलट. "अर्थ लागला की डोळा आंधळा होतो," ती म्हणायची. तिच्या हातून गेलेल्या एकाही पुस्तकाला आजवर शुद्धिपत्र जोडावं लागलं नव्हतं. एका पुढाऱ्याच्या गौरवग्रंथात त्याचा जन्म त्याच्याच लग्नानंतर दोन वर्षांनी झाला होता, तो तिनेच हाणून पाडला. मात्र एक नियम ती कडक पाळायची: लेखकाच्या मजकुरात नाक खुपसायचं नाही. दोन ठिकाणी दोन गोष्टी दिसल्या तर समासात प्रश्नचिन्ह काढून 'लेखकास विचारावे' एवढंच लिहायचं.

बटणांच्या कारखान्याची शताब्दी स्मरणिका तिच्या टेबलावर आली तेव्हा मालक भलतेच खुशीत होते.

"बाई, मोठं काम आहे. कारखान्याचं संग्रहालय होतंय ना, त्याच्या उद्घाटनाला प्रकाशन. हजार प्रती. प्रत्येक शाळेत, प्रत्येक वाचनालयात जाणार. साहेबांच्या हस्ते!"

साहेब म्हणजे कारखान्याचे जुने मॅनेजर. आता शहात्तर वर्षांचे, शताब्दी समितीचे मानद सल्लागार, गावातल्या प्रत्येक व्यासपीठावर पहिल्या खुर्चीत. मालकांना बाईचं पूर्वायुष्य माहीत नव्हतं. माहीत होतं ते त्यांच्या वडिलांना, आणि ते जाऊन बारा वर्षं झाली होती.

बाईने पेन हातात घेतलं आणि वाचायला बसली. तेरा पानं निर्वेध गेली. संस्थापकांची दूरदृष्टी, पहिलं यंत्र, पहिला भोंगा. कुठलंही गाव आपला इतिहास लिहायला बसलं की पाहुण्यांपुढे ठेवायच्या कपबशा आधी काढतं. तडा गेलेला कप मागे फडताळात राहतो. मग चौदावं पान आलं.

'एका कामगार स्त्रीने डबा गरम करण्यासाठी लावलेल्या स्टोव्हमुळे ही दुर्दैवी आग लागली. मागील फाटक उघडे असूनही गोंधळलेल्या स्त्रियांना ते सापडले नाही.'

ती एक कामगार स्त्री म्हणजे बाईची थोरली बहीण. ताई.

ताई पत्त्यांवर, म्हणजे पुठ्ठ्याच्या कार्डांवर, बटणं शिवायची. एका पत्त्यावर बारा, दिवसाला ऐंशी पत्ते. बोटांची टोकं इतकी टणक झाली होती की तिला गरम पातेलं फडक्याशिवाय उतरवता यायचं. एवढी बटणं हाताखालून जाणाऱ्या ताईच्या घरात धाकटीच्या शाळेच्या सदऱ्याला मात्र सेफ्टी पिन असायची, कारण संध्याकाळी पाचच्या भोंग्याला बायकांची झडती होई. रांगेत उभं करून अंबाडे सोडायला लावत. केसांतून बटणं पळवतील म्हणून! आणि मधल्या वेळात कुणी मागच्या मागे सटकू नये म्हणून मागच्या फाटकाला कुलूप. हे कुलूप अख्ख्या कारखान्याला माहीत होतं.

आग दुपारी साडेतीनला लागली. पुढच्या दाराकडची वाट आधी पेटली. उचलायला गेलेल्या माणसांना नऊच्या नऊ जणी मागच्या फाटकाशी सापडल्या, एकमेकींवर. ज्या फाटकातून त्या रोज बाराला जेवायला जात आणि पाचला घरी जात, ते म्हणे त्यांना 'सापडले नाही'. साहेब त्या वेळी बँकेत होते. किल्ली कुठे होती याची चौकशी समितीने चौकशी केली नाही. कुलूप राखेत कुणाला मिळालं नाही. स्टोव्ह तेवढा मिळाला, म्हणजे अहवालात मिळाला.

बाई तेव्हा सोळा वर्षांची होती. घरात एकच स्टोव्ह होता, आणि त्या दुपारी ती स्वतः त्यावर दूध तापवत होती. बाहेर धावपळ ऐकू आली म्हणून ती दारात गेली आणि दूध उतू गेलं. तो स्टोव्ह नंतर कितीतरी वर्षं त्यांच्या घरी होता. पण सोळा वर्षांच्या मुलीला कोण विचारतो? कुणीच विचारलं नाही.

बाकीच्या आठ घरांनी त्यांच्याशी बोलणं टाकलं. पलीकडच्या गल्लीतली एक बाई होती, तिची धाकटी बहीण त्या नऊ जणींत गेली होती. ती एके सकाळी आली आणि आईच्या दारात थुंकून गेली. मग त्यांनी घर बदललं. दर वर्षी त्या तारखेला कारखान्याच्या दारात लोक जमायचे, फुलं वाहायचे, गेलेल्यांची नावं वाचायचे. नऊ गेल्या होत्या आणि नावं आठ वाचली जायची. जिने आग लावली तिचं नाव मेलेल्यांत कसं घ्यायचं? आई एकोणीस वर्षं, मरेपर्यंत, रस्त्याच्या पलीकडे उभी राहून ती आठ नावं ऐकायची आणि घरी येऊन काही न बोलता कामाला लागायची.

आता संग्रहालयात संगमरवरी पाटी बसली होती. तिच्यावरही आठच नावं होती. आणि हे पुस्तक शाळाशाळांत गेलं की संपलंच. आजवर निदान ती बोलण्यातली गोष्ट होती, आता तिला पान क्रमांक मिळणार होता.

बाई उठली, माठातलं पाणी प्याली, परत बसली. तिला सूड हवा होता. मनातल्या मनात तिने त्याला कधी दुसरं गोंडस नाव दिलं नाही. शब्दांच्या बाबतीत ती काटेकोर होती.

पहिला विचार हलका होता. बाविसाव्या पानावर साहेबांना 'कामगारांचे तारणहार' म्हटलं होतं. 'ता'चा 'मा' करायला कितीसा वेळ? कामगारांचे मारणहार! तिने पेन टेकवलंसुद्धा. मग थांबली. होईल काय? लोक फिदीफिदी हसतील, मालक हात जोडतील, वर एक कागदाची पट्टी चिकटेल. छपाईची चूक म्हणून सोडून देतील. आणि त्या माणसाला बिचारा म्हणतील, ते तर तिला मुळीच चालणार नव्हतं. एक्केचाळीस वर्षांचा राग एका अक्षरावर उधळायला ती काही खुळी नव्हती.

ती पुढे वाचत राहिली. एकसष्टाव्या पानावर साहेबांचा स्वतःचा लेख होता, 'शिस्तीची बावीस वर्षे'. मूळ हस्तलिखित सोबत जोडलेलं होतं. ठसठशीत, उजवीकडे झुकलेलं अक्षर. त्यांनी लिहिलं होतं:

'बाराची सुट्टी संपल्यापासून पाचच्या भोंग्यापर्यंत मागील फाटकास कुलूप असे आणि किल्ली माझ्या खिशात. मी कारखान्यात असो वा बाहेर, ती किल्ली मी कधी दुसऱ्याच्या हाती दिली नाही. बावीस वर्षांत एकही दिवस, अगदी एकही दिवस, या नियमास अपवाद झाला नाही.'

'अगदी एकही दिवस' या शब्दांखाली त्यांनी दोन रेघा ओढल्या होत्या.

बाईने फूटपट्टी लावून ते वाक्य खालून वर वाचलं. मग वरून खाली वाचलं. मग चौदावं पान काढून शेजारी ठेवलं. ती हसली, आणि यंत्रावरच्या माणसाने मान वळवून पाहिलं, कारण जिन्याखालून हसण्याचा आवाज येण्याची सवय तिथे कुणाला नव्हती.

बढाईच्या भरात माणूस खरं बोलून जातो. अहवाल त्यांनी भीतीने लिहवून घेतला होता आणि हा लेख मिजाशीने लिहिला होता, मधे चाळीस वर्षं गेली होती, आणि कुठे काय लिहिलंय याचा मेळ घालायचं काम त्यांचं नव्हतं. ते काम बाईचं होतं. नियमाप्रमाणे तिने आत्ता समासात प्रश्नचिन्ह काढायला हवं होतं. ते काढलं की समिती एक वाक्य उडवणार, आणि कोणतं उडवणार हे सांगायला ज्योतिषी नको. तिने लाल पेनाला टोपण लावलं. चौतीस वर्षांत पहिल्यांदा तिने दिसलेली विसंगती तशीच सोडली.

त्यावर तिने आणखी एक गोष्ट केली. अठ्ठेचाळिसाव्या पानावर 'अध्यक्ष' होतं, तिथे तिने स्वतःच्या हाताने 'अध्याक्ष' केलं. समितीच्या अध्यक्षांचा भाषणवजा लेख होता तो, आणि अध्यक्ष आपलं पद दिवसातून तीनदा उच्चारणाऱ्यांपैकी. आणखी तीन बारीकसारीक चुका तिने इकडेतिकडे पेरल्या. बाकी पुस्तक नेहमीसारखं लख्ख.

अंतिम प्रूफावर सही करायला साहेब जातीने आले. पांढरे कपडे, पांढरे केस, हातात काठी. जिन्याखाली डोकावून म्हणाले, "तुम्हीच का त्या? तुमची फार ख्याती ऐकलीय हो. एकही चूक सुटत नाही म्हणे तुमच्या नजरेतून."

"सुटत नाही, साहेब."

त्यांनी खुर्ची ओढून घेतली. एवढ्या जवळून तिने त्यांना पूर्वी एकदाच पाहिलं होतं, आगीच्या संध्याकाळी ताईला आणायला गेली होती तेव्हा. त्यांनी तिला आत सोडलं नव्हतं. आता ते चष्मा पुसत होते. ते म्हातारे झाले होते आणि तिला त्यांची अजिबात कणव आली नाही.

मग तिने असं काही केलं की पुढे स्वतःला दोष द्यायची वेळ तिच्यावर कधी आली नाही. तिने त्यांना एक संधी दिली. खरोखरीची संधी, कारण प्रूफ वाचणाऱ्याने विचारायचं असतं.

"एकसष्टाव्या पानावर एक शंका आहे, साहेब."

"बोला ना."

"'एकही दिवस' दोनदा आलंय. 'एकही दिवस, अगदी एकही दिवस.' एक काढू का? की सबंध वाक्यच तुम्ही पुन्हा एकदा वाचून बघता?"

साहेबांनी पान जवळ घेतलं. ओठ हलवत वाचलं. ती त्यांच्या ओठांकडे पाहत होती. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरत गेलं.

"छे छे, काढू नका. दोनदाच राहू द्या. जोर यायला हवा. आजकालच्या पोरांना कळायला नको, शिस्त म्हणजे काय?"

"मग राहू दे?"

"राहू द्या म्हणजे राहू द्या. कानामात्रेचाही फरक नको."

"इथे सही करा," ती म्हणाली. "'मजकूर बरोबर आहे' याच्या खाली."

त्यांनी सही केली. ठसठशीत, उजवीकडे झुकलेली. जाताना म्हणाले, "बरं वाटलं तुम्हाला भेटून. तुमच्या घरचं कुणी होतं का कधी आमच्या कारखान्यात?"

"होतं," बाई म्हणाली. "पत्त्यांवर बटणं शिवायला."

"अरे वा! म्हणजे घरचंच माणूस," असं म्हणून ते काठी टेकत गेले.

पुस्तक छापून, बांधून आलं आणि तिसऱ्या दिवशी अध्यक्षांचा फोन मालकांना आला. मालक जिन्याखाली आले तेव्हा त्यांचा चेहरा पडला होता.

"बाई, तुमच्या हातून? 'अध्याक्ष'? अहो, उद्घाटन चार दिवसांवर आलंय!"

"डोळे गेले बहुतेक," बाई म्हणाली. चौतीस वर्षांची पुण्याई त्या एका वाक्यात तिने घालवली, आणि ते तिला लागलंसुद्धा. पण तिने आवाज हलू दिला नाही. "शुद्धिपत्र लावू. मीच काढते सगळ्या चुका."

"काढा आणि द्या टाकून. मला दाखवत बसू नका, मला बाकी शंभर कामं आहेत. शुद्धिपत्र वाचतो कोण मेलं!"

तिने ते एका कागदावर सुवाच्य लिहून संगणकावरच्या गृहस्थाकडे नेलं. हा पंचेचाळिशीचा, थट्टेखोर. टाइप करता करता गाणं गुणगुणत होता. पाचव्या ओळीला गाणं थांबलं.

"बाई, हे पाचवं..."

"एकसष्टावं पान काढ आणि बघ."

त्याने पुस्तक उघडलं. वाचलं. चौदावं पान उघडलं, तेही वाचलं. मग पुस्तक मिटून ठेवलं.

"माझी आत्या होती त्यातल्या आठांत," तो म्हणाला. बाईला हे माहीत नव्हतं. एका छताखाली अठरा वर्षं काढली, पण त्या आगीबद्दल दोघांपैकी कुणी अवाक्षर काढलं नव्हतं.

"नऊ," बाई म्हणाली.

"हं?"

"आठ नव्हत्या. नऊ होत्या."

तो पडद्याकडे वळला. "आपण काय, जे लिहून येतं ते टाइप करतो," असं स्वतःशीच म्हणून त्याने पाचवी ओळ पुरी केली. संध्याकाळपर्यंत हजार पट्ट्या हजार प्रतींच्या पहिल्या पानावर चिकटल्या.

उद्घाटनाला गाव लोटलं होतं. जिथे पत्ते शिवले जात त्या दालनात खुर्च्या मांडल्या होत्या. काचेच्या पेटीत बटणं होती, दिवा लावून, दागिन्यांसारखी. तिसऱ्या रांगेत 'कामगार कुटुंबे' असा कागद लावला होता. आठ घरांची माणसं तिथे बसली होती, प्रत्येकाच्या मांडीवर एकेक पुस्तक. थुंकून गेलेली ती बाईही होती. आता पाऊणशे वर्षांची, पाठीत वाकलेली, पण चष्म्याआडचे डोळे तेच. वेलांटीबाई सगळ्यांच्या मागे, दाराशी उभी राहिली.

अध्यक्षांचं भाषण सुरू झालं आणि संपेना. लांबलेल्या भाषणात लोक दुसरं काय करणार? पुस्तकं चाळू लागले. पुस्तक उघडलं की पहिल्यांदा ती पट्टीच दिसत होती. शुद्धिपत्र कोणी वाचत नाही हे खरं, पण दुसऱ्याची चूक वाचायला सगळ्यांना आवडतं, आणि 'अध्याक्ष' तर समोर उभे राहून बोलत होते. तिसऱ्या रांगेत कुणीतरी खुदकन हसलं. त्याने शेजाऱ्याला दाखवलं. मग त्याचं बोट खाली पाचव्या ओळीवर गेलं, आणि हसू मावळलं.

'पान १४, ओळ ९. अशुद्ध: मागील फाटक उघडे असूनही. शुद्ध: मागील फाटकास कुलूप असून किल्ली साहेबांच्या खिशात असल्यामुळे. (पान ६१ पाहावे.)'

पानं उलटण्याचा आवाज रांगेत पसरत गेला. आधी तिसरी रांग, मग चौथी, मग दुसरी. व्यासपीठावर कुणाला काही कळलं नाही. अध्यक्ष बसले आणि साहेब उठले. त्यांनी सांगितलं की आपण भाषण करणार नाही, आपल्या लेखातला एक उताराच वाचून दाखवू. चष्मा लावला. एकसष्टावं पान काढलं. त्या दालनात निम्म्या लोकांपुढे तेच पान उघडं होतं.

"'...बावीस वर्षांत एकही दिवस,'" साहेबांनी आवाज चढवला, "'अगदी एकही दिवस, या नियमास अपवाद झाला नाही.'"

ते टाळ्यांसाठी थांबले. टाळी वाजली नाही. तिसऱ्या रांगेतून ती म्हातारी खुर्चीचा आधार घेत उठली.

"मग आगीच्या दिवशी किल्ली कुठं होती, साहेब?"

प्रश्न मोठ्याने विचारलेला नव्हता. पण साहेबांचा हात, काठी धरलेला नव्हे तर मोकळा डावा हात, आपसूक कोटाच्या खिशाकडे गेला आणि वरून चाचपून थांबला. बावीस वर्षांची सवय. तो हात सगळ्यांनी पाहिला. मग त्यांनीही पाहिला, आणि तिथून काढून घ्यायला त्यांना फार उशीर झाला.

"ते... तो प्रसंग वेगळा..." ते म्हणाले. त्यांनी पुस्तक मिटलं. अध्यक्षांनी पाणी मागवलं. कुणीतरी ध्वनिक्षेपक बंद केला. लोक उभे राहिले, एकमेकांना पान दाखवू लागले, आणि साहेब त्या गोंगाटात खाली बसले. दाराशी उभ्या वेलांटीबाईने ते शेवटपर्यंत पाहिलं. तिला दया आली का? नाही आली. तिला गोड वाटलं.

मालक गर्दीतून वाट काढत आले. घामाघूम. "बाई, हे काय करून ठेवलंत? उद्याच्या उद्या दुरुस्ती काढा!"

"शुद्धिपत्राला शुद्धिपत्र नसतं, मालक," ती म्हणाली. "आणि उद्या मी येणार नाही. जिन्याखालचा शब्दकोश माझा आहे, तेवढा ठेवा बाजूला."

ती बाहेर पडली आणि रस्ता ओलांडून पलीकडच्या कडेला उभी राहिली. मागून काठीचा आवाज आला. म्हातारी तिच्या मागोमाग आली होती, धापा टाकत.

"तू धाकटी ना गं?"

"हो, मावशी."

"फाटकाचं कळलं. स्टोव्हचं काय?"

बाईने तिच्याकडे पाहिलं. पट्टीत तिने स्टोव्हबद्दल काही लिहिलं नव्हतं. पुस्तकात पुरावा होता तेवढंच तिने दुरुस्त केलं होतं, सूड घेतानाही ती पुराव्यापलीकडे गेली नव्हती.

"स्टोव्ह घरी होता. आमच्याकडे एकच होता. मी त्यावर दूध तापवत होते. उतू गेलं."

"मग तेव्हा का नाही सांगितलंस?"

"तेव्हा कुणी विचारलं नाही. तुम्ही आला होता आमच्या दारात, पण विचारायला नव्हता आला."

म्हातारीची मान खाली गेली. "थुंकले होते मी," ती म्हणाली. 'असू दे' म्हणणं बाईच्या जिभेवर नव्हतं आणि तिने ते ओढूनताणून आणलं नाही.

"चल आत," म्हातारी म्हणाली. "पाटीवर आठच आहेत."

"तुम्ही जा. पाटी तुमची आहे. आई एकोणीस वर्षं इथूनच ऐकायची, मीही इथूनच ऐकते."

म्हातारीने काठी सावरली, रस्ता ओलांडला आणि ती परत आत शिरली. थोडा वेळ आतला गोंधळ तसाच चालू होता. मग काठी दगडी फरशीवर आपटल्याचा आवाज आला. एकदा, दोनदा, तीनदा. गोंधळ थांबला. म्हातारीचा फाटका आवाज चढला, आणि तिने एकेक नाव घ्यायला सुरुवात केली. आठ नावं झाली. त्यानंतर तिने ताईचं नाव घेतलं, आडनावासकट, आणि पलीकडच्या कडेला उभ्या असलेल्या वेलांटीबाईला ते स्पष्ट ऐकू आलं.